दहा शिलिंगांची वाडी

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्याच्या ईशान्य टोकाला हमरस्त्याच्या कडेला मैलाचा एक दगड होता. त्याच्यावर कोरले होते : ऑक्सफर्ड १९ मैल. जवळच्या वाडीतली एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ फिरत फिरत त्या दगडापाशी येत, आणि हे ऑक्सफर्ड म्हणजे काय असेल, याचा विचार करीत बसत. एकोणीस मैल म्हणजे त्यांच्या लेखी सातासमुद्रांपलीकडचा मुलूख. पुढे वयाच्या बासष्टाव्या वर्षी, १९३९ साली, त्या मुलीचे आपल्या वाडीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते छापले ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने.

त्या मुलीचे माहेरचे नाव फ्लोरा टिम्स, लग्नानंतरचे फ्लोरा थॉम्प्सन. वाडीचे खरे नाव ज्युनिपर हिल. पुस्तकात तिने वाडीला 'लार्क राइज' म्हटले आहे, स्वतःला 'लॉरा' आणि भावाला 'एडमंड'. लार्क म्हणजे चंडोल, आणि राइज म्हणजे उंचवटा. भोवतालच्या गव्हाच्या शेतांत चंडोलांची घरटी फार, म्हणून हे नाव. असे नाव दिसले की वाचक पाय पोटाशी घेऊन, चहाचा कप हाताशी ठेवून वाचायला बसतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते आणल्यावर मीही तशीच बसले होते. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, म्हणून शेजारी शब्दकोश मात्र होता. मनात आले, आता चंडोल गातील, ओढे खळखळतील, आणि पांढऱ्या टोपीतली एखादी आजीबाई दारात सूत काढीत बसलेली दिसेल.

पहिल्याच पानावर बाईंनी माझा मुखभंग केला. त्या सांगतात की इथली जमीन चिकट, जड मातीची. बारा महिन्यांतले आठ महिने ती उघडी, तपकिरी आणि वाऱ्याने झोडपलेली असते. वसंतात गव्हाचे कोंब हिरवे दिसतात, कुंपणांखाली जांभळी फुले येतात. पण खरे सौंदर्य म्हणाल तर ते उन्हाळा सरता सरता, आणि तेही थोडेच आठवडे. तेव्हा पिकलेला गहू घरांच्या उंबऱ्यापर्यंत येऊन भिडतो आणि वाडी चहूबाजूंनी पिवळ्याधमक रंगात बुडून जाते. आपल्या जन्मगावाच्या सौंदर्याचा असा महिन्या-आठवड्यांत हिशेब मांडणारी लेखिका मी पूर्वी वाचली नव्हती. आपण सर्व, म्हणजे गावावर लिहिणारे लेखक, नेमके उलटे करतो. चार आठवड्यांवर तीनशे पाने लिहितो, आणि उरलेल्या महिन्यांची वासलात 'उन्हाळा कडक होता' एवढ्या वाक्यात लावतो.

वाडी तीसेक घरांची. एक दारूचा गुत्ता. देऊळ नाही, म्हणजे चर्च नाही, आणि शाळाही नाही. दोहोंसाठी दीड मैल चालत दुसऱ्या गावी जायचे. थंडीच्या दिवसांत मुले भाजलेले गरम बटाटे हातांत धरून शाळेची वाट चालत. लॉराचे घर वाडीच्या अगदी कडेला. बाकीच्या घरांकडे त्याने पाठ फिरवलेली, जणू आता शेतात पळून जाईल. हे कडेचे घर लक्षात ठेवावे, असे मी वाचकांना सुचवीन.

लेखिकेच्या चरित्राबद्दल थोडेच सांगते. जन्म १८७६ चा. बाप पाथरवट, कामाला शेजारच्या शहरात जाणारा. त्याला आपली वाडी कधीच आवडली नाही. मुलगी चौदाव्या वर्षी शाळा सोडून जवळच्या गावी पोस्टात कामाला लागली. पुढे पोस्टातल्याच कारकुनाशी लग्न, बदल्या, मुलेबाळे. फुकट वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर तिने आपले शिक्षण पुरे केले. मासिकांतून किरकोळ लेख लिहिले. 'लार्क राइज'नंतर १९४१ आणि १९४३ साली आणखी दोन भाग आले, आणि १९४५ मध्ये तिन्ही मिळून 'लार्क राइज टु कँडलफर्ड' या नावाने एकत्र निघाले. १९४१ साली तिचा धाकटा मुलगा युद्धात बोटीबरोबर बुडाला. १९४७ साली ती वारली.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे येऊ. हा गाभा म्हणजे पैसा, आणि तोही मोजका : आठवड्याला दहा शिलिंग. १८८०-९० च्या सुमाराचा वाडीतल्या शेतमजुराचा पगार तो. शुक्रवारी संध्याकाळी नवरा ते पैसे बायकोच्या हातावर ठेवी, आणि बायको त्यातला एक शिलिंग त्याला आठवड्याच्या खर्चाला परत देई. उरलेल्या नवांत भाडे, पाव, कोळसा, मुलांचे बूट. यातून काय काय होते आणि काय काय होत नाही, हे फ्लोरा थॉम्प्सन इतक्या शांतपणे सांगते की वाचक आपोआप बोटे मोजू लागतो.

दिवसातून गरम जेवण एकच, संध्याकाळचे. चुलीवर एकच भांडे. त्याच पाण्यात खारवलेल्या मांसाचा लहानसा तुकडा, एका जाळीत पालेभाजी, दुसऱ्या जाळीत बटाटे आणि फडक्यात गुंडाळलेली खीमट. सगळे एकाच उकळीत शिजे आणि पानात मात्र वेगवेगळे येई. गृहिणीच्या हातचे हे कौशल्य सांगताना बाई कौतुकाचा एकही शब्द खर्चीत नाहीत. भांडे एकच का, हे दहा शिलिंगांनी आधीच सांगून टाकलेले असते.

तसेच परसातल्या डुकराचे. घरोघरी एक डुक्कर, आणि साऱ्या घरादाराचा जीव त्याच्यात. मुले शाळेतून येताना त्याच्यासाठी पाला खुडून आणीत, पावसाळी संध्याकाळी कुंपणांच्या कडेने गोगलगायी वेचून बादलीत भरीत. रविवारी पाहुणा आला की त्याला आधी डुक्कर दाखवायचे. मग पुरुषमंडळी काठीने त्याची पाठ खाजवीत तासन्‌तास बोलत उभी राहात. पण त्याला चारायला पीठ लागे, आणि पीठ उधारीवर येई. मग अर्धे डुक्कर गिरणीवाल्याकडे किंवा खाटकाकडे गहाण पडे. म्हणून तिथल्या बायका बोलताना डुक्कर मारणार असे म्हणत नसत, अर्धे डुक्कर मारणार असे म्हणत. परक्या माणसाला हा विनोद वाटावा, आणि बायकांना तर त्यात काही विशेष आहे असेही वाटत नसे.

सुगी झाली की बायकापोरे शेतांत सरवा वेचीत. भल्या पहाटे उठून, कमरा वाकवून, दोनतीन आठवडे. वेचलेल्या कणसांचा गहू गिरणीत जाई, गिरणीवाला आपला वाटा ठेवून घेई, आणि उरलेले पीठ पोत्यातून घरी येई. हे पोते लगेच आत न ठेवता पुढच्या खोलीत खुर्चीवर मांडीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून दाखवीत. खुर्चीवर बसवलेले पोते! मला वाटते, या पुस्तकातल्या वाडीची सारी श्रीमंती त्या एका खुर्चीवर बसली आहे. कुणी चित्रकाराने काढावे असे चित्र आहे हे, पण बाई ते दोन वाक्यांत संपवतात आणि पुढे जातात.

या तंत्राविषयी थोडे बोलले पाहिजे. पुस्तकाला कथानक नाही. ही कादंबरी की आत्मचरित्र, यावर तिकडे बराच काथ्याकूट झाला आहे, आणि त्यात शिरण्यात मला स्वारस्य नाही. लेखिका 'मी' म्हणत नाही, 'लॉरा' म्हणते, एवढे मात्र महत्त्वाचे. 'मी' म्हटले असते तर तिला रडावे तरी लागले असते, नाही तर आपण किती पुढे आलो याची फुशारकी तरी मारावी लागली असती. लॉरा कोपऱ्यात उभी राहते आणि पाहते. कडेच्या घरातली मुलगी ती. वाडीची खरी, पण वाडीकडे पाठ करून बसलेल्या घरातली. तिथून जेवढे दिसते तेवढे मध्यभागी बसलेल्याला दिसत नाही, आणि परगण्याबाहेरून आलेल्यालाही दिसत नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा सुगीच्या जेवणाच्या वर्णनात आहे. दिवाळी अंकाच्या वाचकांसाठी ते जरा सविस्तर सांगते. शेवटची गाडी खळ्यात आली की काही दिवसांनी शेताचा मालक साऱ्या मजुरांना बायकापोरांसह जेवायला बोलावतो. कोठाराच्या सावलीत लांबलचक टेबले मांडली जातात. पाठीमागे नव्या, पिवळ्या गंजी. डुकराच्या मांड्या शिजल्या आहेत, मनुकांचे पुडिंग रचले आहे, बिअरची पिंपे आहेत. मालक स्वतः मांस कापून वाढतो आहे. त्याची बायको चहा ओतते आहे, लेकी भाज्यांची भांडी फिरवीत आहेत, आणि परीटघडीच्या पांढऱ्या झग्यांतली नातवंडे कोणाला काय हवे-नको ते पाहात धावताहेत. रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवून हात हलवतात. एखादा भटक्या भिकारी आशेने आत डोकावला तर त्यालाही बोलावून गंजीखाली बसवतात आणि भरलेली थाळी त्याच्या मांडीवर ठेवतात. कोण म्हणेल की हे गोकुळ नव्हे?

मग बाई म्हणतात की या चित्राच्या पृष्ठभागाखाली पाहणे बरे नव्हे. आणि लगेच पाहतात. लॉराच्या बापाला तिथे बोलावणे नसे. तो कारागीर, मजूर नव्हे. तो घरी बसून म्हणे, हा मालक वर्षभर मजुरांना उपाशी ठेवील असा पगार देतो, आणि एका जेवणाने त्याची भरपाई झाली असे समजतो. दुसरी कोणी लेखिका असती तर इथे थांबली असती. बापाच्या तोंडून न्याय बोलून झाला, प्रकरण संपले. फ्लोरा थॉम्प्सन थांबत नाही. ती बापालाही दुरुस्त करते. मालक तसे समजत नव्हता, कारण तो काही समजतच नव्हता, त्याने त्याचा कधी विचारच केला नव्हता. आणि मजूरही त्या दिवशी विचार करीत नव्हते. त्यांना जेवायचे होते, मजा करायची होती.

पहिल्यांदा हा परिच्छेद वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण असे : माझ्या पहिल्या कादंबरीत दिवाळीचे एक प्रकरण आहे. पणत्या, कारिटे, शेणाचे गोकुळ, पहाटेचा गारठा, आईच्या हातचे तेल. वाचकांना ते फार आवडले. गावी गेले तेव्हा मी ते आत्याला वाचून दाखवले. आत्या निरक्षर. सारे ऐकून ती म्हणाली, "समदं झ्याक लिवलंस पोरी. पन त्ये त्याल तुजी आय वाण्याकडनं उधार आनत हुती, त्ये कुटं हाय?" मी तिला म्हटले, "आत्या, सणाच्या वर्णनात ते कसं घालायचं?" ती काही बोलली नाही. ते कसे घालायचे हे फ्लोरा थॉम्प्सनच्या त्या परिच्छेदात आहे. जेवण खरे, आनंद खरा आणि पगारही खरा. एकाने दुसरे खोटे ठरत नाही, आणि माफही होत नाही.

असे असताना या पुस्तकाचा लौकिक मात्र गोडगोड झाला, याचे नवल वाटते. १९४५ च्या आवृत्तीला एच. जे. मॅसिंगहॅम यांची प्रस्तावना आहे. त्यांनी हे पुस्तक म्हणजे लयाला गेलेल्या इंग्रज शेतकरीवर्गाचे शोकगीत असे मानले. त्यांच्या म्हणण्याला पुस्तकात आधार नाही असे नाही. वाडीत सॅली नावाची म्हातारी आहे, ऐंशीच्या पुढची. तिला आठवते की तिच्या लहानपणी इथे शेते नव्हतीच, मोठे माळरान होते. मध्ये हिरवळ आणि तिच्याभोवती सहाच घरे. तिच्या बापाची गाय आणि हंस-बदके त्या सामायिक गायरानावर चरत, आणि तो गाढवाच्या गाडीतून माल बाजाराला नेई. मग कायद्याने कुंपणे पडली, गायरान मोठ्या शेतमालकांच्या हाती गेले, आणि पुढच्या पिढीला दहा शिलिंगांची मजुरी तेवढी उरली. सॅलीच्या बापाचा नातू-पणतू मजूर का झाला, याचे उत्तर त्या म्हातारीच्या बोलण्यात आहे. पण प्रस्तावनाकारांचे दुःख सॅलीच्या गायीसाठी आहे, आणि फ्लोरा थॉम्प्सनचे पुस्तक मुख्यतः गाय गेल्यानंतर जन्मलेल्यांचे आहे. बी.बी.सी.ने २००८ ते २०११ या काळात याची दूरचित्रवाणी मालिका केली. तीत चेहरे फार स्वच्छ आहेत, एवढेच म्हणते.

तथापि, सगळा दोष इतरांच्या माथी मारता येणार नाही. बाईंनीही एक दार उघडे ठेवले आहे. एके ठिकाणी त्या लिहितात की ही माणसे गरीब होती, पण थोडक्यात सुखी राहण्याची आज हरवलेली विद्या त्यांना अवगत होती. हे वाक्य फार मिरवले गेले आहे. मला ते या पुस्तकातले सर्वांत कच्चे वाक्य वाटते. असे म्हणणारी माणसे साधारणपणे दहा शिलिंगांपासून दूर गेलेली असतात. साठीला आलेल्या, शहरात राहिलेल्या, पुत्र-पती-संसार पाहिलेल्या बाईला आपले बालपण सुखाचे वाटले, तर त्यात गैर काही नाही. पण ते बालपणाचे सुख झाले, गरिबीची विद्या नव्हे. शिवाय एक गोष्ट डोळ्यांत भरते. टिम्स कुटुंबात मुले पुष्कळ झाली आणि त्यातली काही बालपणीच गेली. पुस्तकातल्या कडेच्या घरात मात्र ही मरणे जवळजवळ दिसतच नाहीत. पोत्यातले पीठ मोजणाऱ्या लेखणीने भावंडे मोजली नाहीत. का? आईच्या दुःखाला हात लावायचा नसेल. ते मी समजू शकते. पण ती मुले मोजली असती तर ते सुखाविषयीचे वाक्य तसे लिहून झाले असते का, याची मला शंका आहे.

तरीही हे वाक्य पुस्तकाला बुडवीत नाही, कारण पुस्तकच त्याला जागोजाग उत्तर देते. वाडीत एक म्हातारा शिपाईगडी आहे, लोक त्याला 'मेजर' म्हणतात. एकटा राहतो, थकला आहे, आजारी पडतो. लॉराची आई त्याची देखभाल करते, पण तिच्याही घरात किती पुरणार? शेवटी त्याला न सांगता गाडीत बसवून निराधारांच्या सरकारी घरात, म्हणजे वर्कहाउसमध्ये नेतात. कुठे नेताहेत हे कळल्यावर तो लढाया पाहिलेला माणूस लहान मुलासारखा रडतो. पुरते सहा आठवडेही तो तिथे काढीत नाही. थोडक्यात सुखी राहण्याची विद्या मेजरलाही येत होती. म्हातारपणी ती कामाला आली नाही.

कामाला आले ते दुसरेच. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या वरच्या गरीब माणसांना सरकारकडून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले. ते पोस्टात घ्यायचे असे. बाई स्वतः पोस्टातल्या, त्यामुळे हे वर्णन दोन-चार ओळींचेच असले तरी त्यांच्या हातून सुरेख उतरले आहे. म्हातारीकोतारी माणसे खिडकीपाशी पैसे उचलताना रडत. लॉइड जॉर्ज या मंत्र्याला ती 'लॉर्ड' म्हणत, कारण एवढे देणारा माणूस साधा असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. आणि पैसे नुसते मोजून देणाऱ्या मुलीसाठी बागेतली फुले नि झाडाची सफरचंदे आणून देत. गोकुळासारख्या त्या सुगीच्या जेवणात मला जे सापडले नाही ते या खिडकीपाशी सापडले. मेजर थोडी वर्षे आधी जन्माला आला, एवढेच त्याचे चुकले.

मी शिक्षिका असल्यामुळे शाळेच्या प्रकरणाविषयी लिहायचा मोह होतो. तपासनीस येणार म्हणून थरथरणाऱ्या तिथल्या मास्तरणीला मी चांगली ओळखते. पण ते पुन्हा केव्हा तरी. 'लार्क राइज'च्या शेवटाविषयी मात्र लिहिले पाहिजे.

शेवटच्या पानांवर शाळेतली मुले आहेत. नांगरामागे जन्म काढायचा, फार तर थोडी शिपाईगिरी करायची, एवढीच त्यांची अपेक्षा. मग लेखिका एकामागून एक काही गावांची नावे घेते, आणि विचारते की या मुलांना ही ठिकाणे काय माहीत? गॅलिपोली, ईप्र, कूत. कूतपाशी मी थबकले. १९१६ साली मेसोपोटेमियातल्या कूतला शरण गेलेल्या फौजेचे नावच पूना डिव्हिजन होते, आणि तीत मराठा पलटणी होत्या. आपल्याकडच्या वाड्यांतूनही त्या नावाच्या गावाला माणसे गेली. ऑक्सफर्डशायरची वाडी आणि आपल्या वाड्या यांची गाठ पडली असेल तर ती तिथे.

लार्क राइजची अकरा माणसे परत आली नाहीत. दीड मैलावरच्या चर्चमध्ये भिंतीवर पितळी पत्रा आहे, कडेच्या घरातली मंडळी ज्या बाकावर बसत त्याच्या नेमका वर. त्यावर पाच-पाच नावांच्या दोन ओळी. आणि त्यांच्या खाली, अगदी शेवटी, एकटे नाव आहे ते एडमंडचे. तिचा खरा भाऊ एडविन १९१६ सालीच मारला गेला होता. मैलाच्या दगडापाशी तिच्याबरोबर ऑक्सफर्डचा विचार करीत बसणारा मुलगा तो. बाई एवढेच सांगतात आणि पुस्तक संपते.